भोवऱ्यासकट

लोहाऱ्याला आता जिकडे पाहावं तिकडे भिंती आहेत. भिंतीआड पत्र्याच्या शेडी, आणि फाटकाशी खुर्ची टाकून बसलेला चौकीदार. माझा नातू तिथल्या एका कारखान्यात लागला. त्याची कामाची जागा पाहायची म्हणून मी हट्टाने त्याच्या मोटरसायकलवर मागे बसून गेले. चौकीदाराने मला आत सोडलं नाही. "आजी, पास लागते," म्हणाला. नातू ओशाळला. मी म्हटलं, तू जा बाबा, मी इथेच रस्त्याकडेला थांबते, मला कुठे गाडी पकडायची आहे! तो आत गेला आणि मी चार पावलं चालून पाहिली. आधी माझ्या गुडघ्यांना कळलं, मग मला. रस्ता पूर्वेकडे उतरत होता. डांबर ओतलं, विजेचे खांब रोवले, पण उतार काही कोणाला काढता आला नव्हता. हा तोच उतार. इथे माघात घोडे पळायचे.

मग वास आले. भिजवलेल्या चण्यांचा, घामाने ओल्या खोगिराचा, आणि घोडीच्या मानेचा. घोडीची मान उन्हात तापली की तिला नुकत्या कापलेल्या ज्वारीच्या धांड्यांसारखा वास येतो. हे मी कोणाला सांगितलं तर हसतील, म्हणून सांगत नाही. पण साठ वर्षांत तो वास मला पुन्हा कुठेच आला नव्हता, आणि परवा तिथे, त्या डिझेलच्या धुरात उभी असताना आला.

माझे बाबा टांगा हाकायचे. यवतमाळच्या छोट्या रेल्वेच्या स्टेशनावरून सवारी घ्यायची आणि लोहाऱ्यापर्यंत, म्हणजे आमच्या गावापर्यंत, आणून सोडायची. त्याआधी ते गावकीची कामं करत. पाटलाच्या दारात उभं राहायचं, सांगावा घेऊन जायचा, मेलेलं ढोर ओढायचं. छप्पनच्या दसऱ्याला ते नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले आणि आल्या आल्या दोन कामं केली. घरातले देव टोपलीत भरून नाल्याला सोडून आले, आणि पाटलाकडे जाऊन सांगितलं की उद्यापासून आमच्याकडून गावकी होणार नाही. मी तेव्हा आठ वर्षांची होते. दुसऱ्या कामाचा धसका सगळ्यांनी घेतला होता, पण आईला पहिल्याचा होता. देव गेलेला तो कोनाडा ती रोज सकाळी ओल्या फडक्याने पुसायची. तिथे काही ठेवायची नाही, नुसती पुसायची. बाबा पाहायचे आणि गालात हसून बाहेर जायचे.

संध्याकाळी टांगा सोडला की बाबा घरोघर फिरायचे. याच्या त्याच्या ओसरीवर बसून समजावायचे की अंगात येणं, उतारा टाकणं, नवस बोलणं, हे सगळं सोडा. बोलायचे फार छान. रागावायचे नाहीत, चिडवायचे. "काहून गा, तुहा देव कोंबड्याबिगर आयकत नाई का? बहिरा हाय का तो?" लोक हसायचे आणि हसता हसता त्यांचे देव नाल्याला जायचे. आमच्या वस्तीतले निम्मे देव तरी बाबांच्या चेष्टेने गेले असतील.

पहिला घोडा म्हातारा होऊन मेला तेव्हा दुसरा आणायला बाबा उस्मानचाचांना घेऊन घोड्यांच्या बाजाराला गेले, आणि त्यांच्यामागे लागून मीही गेले. उस्मानचाचा स्टेशनासमोर घोड्यांना नाल ठोकायचे. मला घोड्यांचं जे काही कळतं ते त्यांनीच शिकवलं. काठेवाडी घोड्याच्या कानांची टोकं आत वळून एकमेकांना शिवतात. भीमथडी म्हणजे आपल्याकडचं तट्टू, बुटकं, पण खूर असे कडक की नालाची गरज नाही. वलायती म्हणजे शहरातल्या रेसच्या मैदानावरून काढून टाकलेलं जनावर. लांब पाय, पातळ कातडी आणि डोळ्यांत कायमची भीती. दुधाचे दात पडून मधले दोन आले की तीन वर्षं, चार आले की चार, कडेचे आले की पाच. त्यानंतर विकणारा जे सांगेल ते. सगळ्यात शेवटी चाचा भोवरे दाखवायचे. घोड्याच्या अंगावर जिथे केस गोल फिरतात तो भोवरा. गळ्यावर असला तर तो देवमण, घराचं भलं करतो. डोळ्याखाली, जिथून आसू ओघळतात तिथे असला, तर तो आसूढाळ. ज्या घरात असं जनावर जाईल ते घर रडतं.

कवडीच्या डाव्या डोळ्याखाली आसूढाळ होता.

बाकी तिच्यात नाव ठेवायला जागा नव्हती. रंग कुमाईत, खारकेसारखा, आणि कपाळावर कवडीएवढा पांढरा ठिपका. कान काठेवाडी. "अम्मी काठेवाडी," चाचा म्हणाले, "अब्बा का पता नहीं." ती पाच घरी जाऊन परत आलेली होती. कोणाकडे सासरा मेला होता, कोणाची विहीर आटली होती. व्यापारी तिला जवळपास फुकटच द्यायला बसला होता. चाचांनी बाबांना बाजूला घेतलं. "किसनभाऊ, जाने दो. ऐबाची हाय."

बाबांनी कवडीच्या तोंडावरून हात फिरवला आणि अंगठा बरोबर त्या भोवऱ्यावर ठेवला. "चाचा, रडत नाई असं घर दाखवा मले एखांदं. मंग मी ही घोडी सोडतो."

येताना टांगा नव्हता, आम्ही चालत होतो. चाचा मला व्यापाऱ्यांच्या लबाड्या सांगत होते. काही जण असे भोवरे तापल्या लोखंडाने डागतात आणि सांगतात, सर्दीवर डाग दिला होता. भोवरा जातो, डाग राहतो. डागाला कोण ऐब म्हणणार! चाचा हसले, बाबाही हसले. मी ते ऐकून ठेवलं.

कवडी आली आणि पहिलं वर्षभर आमच्या घरात कोणी रडलं नाही. मी मुद्दाम लक्ष ठेवून होते. पोळा झाला, दिवाळी झाली, कापूस फुटला. सकाळी तिच्या तोंडाला पिशवी बांधली की ती चणे चावायची आणि तो आवाज ऐकत मी पाटीवर गणितं सोडवायची. ती मला वासाने ओळखायची. मी दाराशी आले की मान खाली घालून कपाळ माझ्या छातीला टेकवायची आणि तशीच उभी राहायची, मी ढकलेपर्यंत.

आणि ती पळायची. रिकामा टांगा घेऊन घरी येताना बाबा लगाम सैल सोडायचे, आणि कवडी लोहाऱ्याचा हा उतार अशी कापायची की मला डोळे मिटून घ्यावे लागत.

शर्यतीची पद्धत अशी होती. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी ज्याला घोडा पळवायचा त्याने पंचांकडे नाव द्यायचं आणि चण्याचं एक पोतं लावायचं. सगळ्यांचं सारखं, पाटील असो की टांगेवाला. नंतर माघार घेतली तर अर्धं पोतं जायचं. जितके घोडे तितकी पोती, आणि एक सोडून सगळी पहिल्याची. दुसरा आला त्याला त्याचं पोतं परत. तिसऱ्यापासून पुढे सगळ्यांनी हात हलवत घरी जायचं. सकाळी उस्मानचाचा दात पाहून वय ठरवायचे. मग स्वारांना कापसाच्या काट्यावर बसवायचे. जो हलका भरेल त्याच्या खोगिराला वाळूची पिशवी. घोडीला दोन शेर माफ. एवढेच नियम. मला ते तोंडपाठ होते आणि फार आवडायचे, कारण त्यात कोणाचं घर कुठल्या बाजूला आहे हे कुठेच येत नव्हतं.

त्या वर्षी बाबांनी नाव दिलं. आमच्या वस्तीतून आजवर कोणी दिलं नव्हतं. पंचांनी पोतं ठेवून घेतलं, बोलले काही नाहीत. बोलायला त्यांना संक्रांत उजाडली. एक दिवस पंचांच्या वतीने पाटलाने बाबांना बोलावलं. मी बाबांसोबत गेले होते.

"किसन, तुह्या घोडीले आसूढाळ हाय म्हन्तात," पाटील म्हणाला. "ऐबाचं जनावर बाकीच्याइसोबत उभं नाई करता येत. लोक नाई म्हनून राह्यले."

"लोक का पाटील?" बाबांनी विचारलं.

"आता तुले सगळं उलगडून सांगू का?"

"नोका सांगू. फक्त येवढं सांगा जी, नियमात भोवरा कुठी हाय? दात हाय, वजन हाय, पोतं हाय. भोवरा म्हन्जे केसं. केसाइचा नियम नाई."

पाटील उठून उभा राहिला. मग म्हणाला, "त्या दिवशी पाहू. उस्मान तपासन. भोवरा निंघाला तर घोडी बाहेर."

घरी येऊन बाबांनी आईला सगळं सांगितलं. ते चिडलेले नव्हते, उलट खुशीत होते. म्हणाले, "पयली नाई आली तरी चालन. भोवऱ्यासकट पळाली पायजे. सगळ्याइसमोर, भोवऱ्यासकट. मंग पाह्यजो, या गावात कोन कोनाले भेते ते." उरलेला सगळा पौष ते हेच बोलत. वस्तीतल्या माणसांना सांगत, तुम्ही सगळे या, मी तिथे पंचांना विचारणार आहे, भोवऱ्याने आमच्या घरात काय बिघडलं ते सांगा. लोकही तयार झाले होते. टांग्याच्या धुऱ्या रंगवाव्यात तसे बाबा आपले शब्द घासूनपुसून ठेवत होते.

मी चौदा वर्षांची होते. शाळेत जात होते, शहाणी म्हणवत होते. आणि त्या वाक्यातलं मी फक्त एवढंच ऐकलं होतं, की कवडी पळाली पाहिजे.

शर्यतीच्या दिवशी बाबा पहाटेच खोगीर आणायला चाचांकडे यवतमाळला गेले. आमच्याकडे टांग्याचा साज होता, पाठीवर घालायचं खोगीर नव्हतं. जाताना मला म्हणाले, ऊन अंगावर आलं की तिला पाणी दाखव आणि मैदानावर घेऊन ये, मी तिकडूनच येतो. आई कापसाच्या वेचणीला गेली. घरात मी आणि चूल.

भाकरी उलटायचा सराटा मी निखाऱ्यात ठेवला. मला वाटत होतं, मी बाबांचं काम करते आहे. भोवरा दिसला नाही की अडवतील कसे? डागाचा तर नियमच नाही. हे सगळं मला इतकं साधं आणि सोपं वाटत होतं की मी गुणगुणत होते. सराटा लाल झाला. दांडीला फडकं गुंडाळायचं मला सुचलं नाही.

कवडीने मला पाहून मान खाली घातली. कपाळ माझ्या छातीला टेकवलं, रोजच्यासारखं. त्यामुळे मला सोपं गेलं.

केस जळाल्याचा वास आला आणि तिने मान वर झटकली. सराटा भोवऱ्यावरून सरकून पापणीवर गेला. ती ओरडली नाही. घोडी ओरडत नाही, तिच्या अंगातून नुसता एक थरकाप जातो, पाठीपासून शेपटीपर्यंत. माझ्या तळहाताची कातडी सराट्याला चिकटून निघाली होती, पण ते मला नंतर कळलं. मी तिच्या डोळ्याला गोडं तेल लावलं. डोळा मिटला आणि त्यातून पाणी वाहू लागलं. मी पुसत होते आणि ते वाहत होतं. ऊन अंगावर येईपर्यंत थांबेल असं मला वाटलं. ऊन अंगावर आलं. मी तिला घेऊन निघाले.

मैदानावर माणूस मावत नव्हता. सात घोडे होते. चाचांनी एकेकाचे दात पाहिले, वजनं झाली. बाबा काट्यावर बसून आले आणि मग त्यांनी कवडीला पाहिलं. मी तिच्या डाव्या बाजूला उभी होते, तिचा डोळा झाकून. चाचांनी मला हाताने बाजूला केलं आणि तिच्या तोंडाशी वाकले. खूप वेळ वाकून राहिले. सरळ झाले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता.

"भोवरा?" पाटलाने विचारलं.

"भोवरा नाई," चाचा म्हणाले. "डाग हाय. ताजा."

पाटील पुढे आला, त्याने पाहिलं, आणि मोठ्याने हसला. "काहून किसन? देव सोडले म्हने तुमी! अन् भोवऱ्याले भेला?"

सगळं मैदान हसलं. पाटलाच्या बाजूचे हसले ते मला चाललं असतं. आमच्या वस्तीतले लोक हसले नाहीत, ते बाबांकडे पाहू लागले. मी माझा हात परकराच्या घोळात लपवला. बाबांनी आधी कवडीच्या डोळ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग माझ्या परकराकडे. "माह्या पोरीनं डागलं, तिले समजलं नाई," एवढं ते बोलले असते तरी झालं असतं. पोरसवदा चूक म्हणून लोकांनी सोडून दिलं असतं. पण मग सगळं मैदान माझ्याकडे वळलं असतं.

"मीच डागलं जी," बाबा म्हणाले.

"पळवतं का मंग? आता काई अडचन नाई," पाटील म्हणाला.

माघार घेतली असती तर अर्धं पोतं गेलं असतं, बस. ते का पळाले हे मला माहीत नाही. मी साठ वर्षं विचार करते आहे.

मैदान उताराने खाली जायचं, खाली एक बाभूळ होती, तिला डाव्या अंगाने वळसा घालून पुन्हा वर यायचं. बाभळीपर्यंत कवडी दोन घोड्यांएवढी पुढे होती. धुळीत मला तिचा पांढरा ठिपका दिसत नव्हता, पण बाबांचा फेटा दिसत होता, सगळ्यांच्या पुढे. वळणाशी तिला डावीकडे काहीच दिसेना. ती चारी पाय रोवून थांबली. बाबांनी पायाने हाकललं नाही, लगाम ओढला नाही. सहाही घोडे तिच्या बाजूने निघून गेले. मुकुटबनकडून आलेलं एक बुटकं भीमथडी तट्टू पहिलं आलं, पाटलाचा वलायती दुसरा. लोक त्यांच्याकडे धावले. त्या गर्दीमागून बाबा खाली उतरून चालत येत होते, कवडीच्या डाव्या बाजूने, एक हात तिच्या मिटलेल्या डोळ्याशी धरून. सगळा चढ ते तसेच चालत आले.

घरी त्यांनी कोमट पाण्यात मीठ घालून तिचा डोळा धुतला आणि कडेने गोडं तेल लावलं. मग मला बोलावलं आणि माझा हात हातात घेऊन उलगडला.

"दुखते का?"

मी नाही म्हटलं. त्यांनी त्याच तेलाचं बोट माझ्या तळहातावर फिरवलं. ते मारतील म्हणून मी डोळे मिटले होते. ते उठून टांग्याची चाकं धुवायला गेले. त्यानंतर या विषयावर ते माझ्याशी कधीच बोलले नाहीत, आणि त्या मायेसारखी शिक्षा मी दुसरी पाहिली नाही.

कवडीचा डोळा महिन्याभरात पांढरा झाला आणि वाहत राहिला. जिला रडवी म्हणत होते ती आता खरंच रडत होती, आणि ते माझ्या हातचं होतं. सवाऱ्या तिच्या टांग्यात बसेनात. पण टांग्याचं काय, दुसरं काही करता आलं असतं. बाबांचं बोलणं गेलं. एक-दोन ओसऱ्यांवर त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. एका घरी म्हातारीने सरळ विचारलं, "तुमीच घोडीले डागलं, मंग आमाले कायले शिकोता?" बाबांना तिथे चेष्टा सुचली नाही. त्यानंतर ते संध्याकाळचे घरीच बसू लागले. वस्तीत कोणाच्या घरी खोकला झाला की उतारा निघू लागला. पुढच्या उन्हाळ्यात आमच्या कोनाड्यात एक शेंदूर लावलेला दगड आला. बाबांनी तो पाहिला, आईकडे पाहिलं आणि जेवायला बसले.

कवडीला आर्णीकडचा एक बाजारकरी घेऊन गेला, आठवडी बाजारांना पाठीवर माल वाहायला. त्याने भोवऱ्याबद्दल विचारलंच नाही. जाताना ती माझ्या बाजूने गेली, पण तिची डावी बाजू माझ्याकडे होती.

बाबा गेले तेव्हा मी सासरी होते. सांगायचं राहून गेलं असं लोक म्हणतात. माझं राहून गेलं नाही, मी रोज सांगायचं टाळलं. आधी भीती होती. मग वाटलं, त्यांना तर माहीतच आहे, मग सांगायचं कोणाला? ज्यांना माहीत नव्हतं त्यांना सांगायला हवं होतं, हे समजायला मला म्हातारी व्हावं लागलं.

परवा त्या रस्त्यावर नातवाची वाट पाहत असताना मला उभं राहवेना, म्हणून मी एका चहाच्या गाडीपाशी बसले. गाडी पोराची होती, पण बाकावर त्याचा म्हातारा बसलेला होता, माझ्याहून चार वर्षांनी मोठा असेल. मी विचारलं, इथे पूर्वी घोडे पळायचे ना? त्याचा चेहरा उजळला. "पळे ना! मी सोता पाह्यलं." आणि मग त्याने मला गोष्ट सांगितली. एक किसन टांगेवाला होता म्हणे. मोठा बोलका. लोकांचे देव नाल्याले फेके, अन् सोताच्या घोडीच्या भोवऱ्याले भेऊन तिचा डोळा जाळला. सांगताना तो हसत होता. साठ वर्षांत ती गोष्ट अनेकदा सांगून तिला चांगली लय आली होती.

"त्यांनी नाही डागलं," मी म्हटलं. "मी डागलं. मी त्यांची मुलगी."

त्याचं हसू थांबलं. त्याने माझ्याकडे नीट पाहिलं, आणि मला वाटलं की त्याला पटलं. मी तळहात पुढे केला. त्यावर आता सुरकुत्यांशिवाय काही दिसत नाही.

"लेकीनं बापाची बाजू घ्यावीच, बाई," तो समजुतीने म्हणाला. "पन मी तथीच उभा होतो. त्यानं सोताच्या तोंडानं सांगतलं."